माझा दाब कोणाच्या नावे?

काही गोष्टी माणसाला शिकाव्या लागत नाहीत, अशी माझी सत्तेचाळीस वर्षे समजूत होती. उदाहरणार्थ झोपणे, शिंकणे आणि महिनाअखेरीस उसने मागणे. श्वास घेणे तर या यादीत सर्वांत वर. जन्मल्याबरोबर नर्सने पाठीत एक धपाटा घातला आणि मला या कामावर रुजू करून घेतले. तेव्हापासून आजतागायत एकही किरकोळ रजा न घेता मी ते करीत आलो आहे. त्यात कोणी खोट काढील असे स्वप्नातही वाटले नव्हते.

गेल्या जूनमध्ये बँकेत आरोग्य तपासणीचे शिबिर झाले. अशा शिबिरांना मी चहाबिस्किटांसाठी जातो. डॉक्टरांनी दंडाला पट्टा गुंडाळला, फुगवला, हवा सोडली, भुवया वर केल्या आणि पट्टा पुन्हा फुगवला. आमच्याकडे नोटांची गड्डी कोणी दुसऱ्यांदा मोजायला घेतली, की काहीतरी कमीजास्त आहे हे समजते. इथे जास्त होते. १६४ बाय १०२.

"काय करता?" डॉक्टरांनी विचारले.

"बँकेत क्लार्क आहे."

"ते कळलं हो. बसता कुठे?"

"काउंटरवर. बोईसरला."

डॉक्टरांनी पुढचे काही विचारले नाही. रोज सकाळी घ्यायची एक गोळी लिहून दिली आणि मीठ कमी करायला सांगितले. मीठ कमी म्हणजे पापड बंद, लोणचे बंद आणि सातपाटीचे सुके बोंबील बंद. पालघरच्या माणसाला सुके बोंबील बंद करायला सांगणे म्हणजे पंढरपूरच्या माणसाला वारी बंद करायला सांगण्यासारखे आहे. निघताना ते म्हणाले, "आणि जरा श्वासाचे व्यायाम करा. हल्ली मोबाइलवर अॅप असतात."

घरी आल्यावर कन्येने माझा मोबाइल हातात घेतला आणि दोन मिनिटांत ते अॅप त्यात घालून दिले. "बाबा, तुम्हांला श्वासच घेता येत नाही," ती म्हणाली.

"अगं, मग सत्तेचाळीस वर्षं मी काय करतोय?"

"ते नुसतं जगणं झालं. ब्रीदिंग वेगळं."

बारावीतल्या मुलीशी वाद घालू नये. दाब वाढतो.

या अॅपमध्ये एक निळे वर्तुळ असते. ते चार सेकंद फुगते आणि सहा सेकंद ओसरते. ते फुगताना आपण श्वास घ्यायचा, ओसरताना सोडायचा. सोबत एका बाईचा आवाज असतो. इतक्या हळुवार आवाजात आयुष्यात माझ्याशी कोणी बोललेले नाही. लग्न ठरल्यावरच्या पहिल्या आठवड्यातसुद्धा नाही. पहिल्या दिवशी तो आवाज ऐकून सौ. स्वयंपाकघरातून उलथने घेऊनच बाहेर आली. तिने ते निळे वर्तुळ पाहिले, मला पाहिले, आणि "चालू द्या" म्हणून आत गेली. तेवढ्यात माझे दोन श्वास चुकले.

आपल्या जुन्या लोकांनी माणूस दिवसाला २१,६०० श्वास घेतो असा हिशेब मांडून ठेवला आहे. मी बी.कॉम. झालेला माणूस. आकडा दिसला की पडताळून पाहतो. मिनिटाला पंधरा, तासाला नऊशे, दिवसाला बरोबर २१,६००. पैचा फरक नाही. आता अॅपमधली बाई मला मिनिटाला सहाच श्वास देते. दिवसभर तसे घेतले तर ८,६४० होतात. आणि आयुष्य वर्षांत नव्हे तर श्वासांत मोजून मिळते, असे आमची आजी म्हणायची. ते खरे धरले, तर सत्तर वर्षांचा ऐवज मला एकशे पंचाहत्तर वर्षे पुरला पाहिजे. हे मी मोठ्या उत्साहाने सौ.ला सांगितले. ती म्हणाली, "बरं झालं. गृहकर्ज फिटेल." मला मात्र वेगळीच धास्ती वाटली. साठाव्या वर्षी निवृत्त झाल्यावर पुढचे एकशे पंधरा नोव्हेंबर मला हयातीचा दाखला द्यायला बँकेत जावे लागेल, आणि काउंटरवर माझ्यासारखाच कोणी बसलेला असेल.

चेष्टा बाजूला ठेवू. यात तथ्य आहे. लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम काढले. योग म्हणजे चमत्कार नव्हे, तो मोजून दाखवता येतो, हा त्यांचा आग्रह. 'योगमीमांसा' हे नियतकालिकही त्यांनी त्याच साली सुरू केले, आणि आसने करताना रक्तदाबाचे काय होते ते यंत्र लावून पाहिले. म्हणजे योग आणि दंडाचा पट्टा यांची सोयरीक महाराष्ट्रातच जुळली म्हणायची. पुढे २००१ साली बर्नार्डी नावाच्या इटालियन डॉक्टरांनी तेवीस निरोगी माणसांना एकदा लॅटिनमधून जपमाळेची प्रार्थना म्हणायला लावली आणि एकदा आपल्याकडचा बौद्ध मंत्र. दोन्ही वेळा श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास आला, आणि हृदयाची लय सुधारली. आमच्या शाखेतला सहकारी वसईचा ख्रिस्ती आहे. त्याला हे सांगितले तर तो म्हणाला, "आमची आजी रोज संध्याकाळी रोझरी म्हणायची. तिला दाब नव्हता. आम्हांला होता, कारण ती संपेपर्यंत जेवण मिळायचं नाही."

श्वास संथ झाला, विशेषतः सोडण्याचा काळ लांबला, की हृदयाचे ठोके मंदावतात. मानेतल्या मोठ्या रोहिणीत दाब ओळखणारे शिपाई असतात, ते अधिक जागे होतात, म्हणे. अमेरिकन हार्ट असोसिएशननेही २०१३ साली यंत्राच्या साह्याने संथ श्वसन करायला अनुमती दिली, पण औषधाच्या जोडीला, औषधाऐवजी नव्हे. आमच्या डॉक्टरांनी हेच साध्या मराठीत सांगितले होते, "गोळी सोडलीत तर याद राखा." श्वास कोंडून धरायचे आणि भात्यासारखे हलवायचे प्रकार दाबवाल्याने परस्पर करू नयेत, हेही त्यांनी बजावले.

मी सकाळच्या डहाणू लोकलमध्ये हा अभ्यास सुरू केला. पालघरला गाडी सुटली की डोळे मिटायचे, मध्ये उमरोळी, आणि बोईसर आले की उघडायचे. डोळे मिटलेले असले तरी बोईसर आल्याचे कळते. त्यासाठी देवाने नाक दिले आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ सालच्या निर्देशांकात आमच्या तारापूर औद्योगिक क्षेत्राला ९३.६९ गुण मिळून देशात पहिला नंबर आला होता. शाळेत असते तर सत्कार झाला असता. ऐन फलाटावर कानातली बाई म्हणायची, "आता खोल श्वास घ्या. ताजी हवा तुमच्या सर्वांगात पसरत आहे." बाई बहुधा परगावची होती.

तरीही सांगतो, फरक पडला. गोळीचा किती, बोंबलाचा किती आणि श्वासाचा किती, याची विगतवारी मला करता येणार नाही. पण ऑक्टोबरात आकडा १३४ बाय ८६ वर आला. अॅपने मला सलग शंभर दिवसांबद्दल एक सोनेरी कमळ दिले. पंचवीस वर्षे नोकरी केल्यावर बँकेने भिंतीवरचे घड्याळ दिले होते, त्यापेक्षा मला या कमळाचा आनंद जास्त झाला.

आमच्या शेजारी तारापूरच्या अणुशक्ती केंद्रातून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात. त्यांना मी कमळ दाखवले. १९६९ साली सुरू झालेले ते देशातले पहिले अणुवीज केंद्र. त्याच्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांत पाणी भट्टीतच उकळते आणि वाफ होऊन निघते. म्हणजे दाब या विषयावर बोलायचा अधिकार आमच्या जिल्ह्यात त्यांच्याइतका कोणाला नाही. त्यांनी कमळ पाहिले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "दाब कमी करणं सोपं असतं हो. सोडलेली वाफ जाते कुठे, हे बघायचं असतं." निवृत्त माणसे असे काहीतरी बोलतात म्हणून मी ते मनावर घेतले नाही.

आता नोव्हेंबरकडे वळतो.

नोव्हेंबर महिन्यात प्रत्येक निवृत्तिवेतनधारकाला आपण जिवंत आहोत हे बँकेत येऊन सिद्ध करावे लागते. पूर्वी माणूस समोर उभा राहिला आणि त्याने सही केली की आम्ही त्याला जिवंत धरीत असू. २०१४ सालापासून 'जीवन प्रमाण' आले आणि अंगठा यंत्रावर ठेवून काम होऊ लागले. २०२१ पासून चेहरा दाखवूनही होते. त्यात जिवंतपणाची खूण म्हणून पापण्यांची उघडझाप करावी लागते. व्यवस्था चांगली आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे घरबसल्या काम होते. फक्त यंत्राने नाही म्हटले, की समोरचा माणूस कितीही श्वास घेत असला तरी पंचाईत होते.

एका शुक्रवारी दुपारी एक म्हातारी आली. चिल्हार फाट्याच्या पलीकडच्या पाड्यावरून, दोन रिक्षा बदलून. नवरा सूर्या प्रकल्पावर चौकीदार होता, त्याचे कुटुंब निवृत्तिवेतन तिला मिळते. तिने अंगठा ठेवला. जुळला नाही. दुसरा ठेवला, नाही. दहाही बोटे झाली. जन्मभर भाताची लावणी केलेल्या बोटांवर रेघा कुठून राहणार? चेहऱ्याने करावे तर नेट बसलेले. मागे पंचवीस माणसे. कोणी तरी म्हणाले, "ओ साहेब, झोपलात काय?"

या जागी पूर्वीचा मी असतो तर काय केले असते, हे मला पक्के ठाऊक आहे. मी यंत्रावर ओरडलो असतो, मग नेटवर, मग वरच्या कचेरीवर. त्या झपाट्यात कागदी फॉर्म काढून तरातरा मॅनेजरांच्या केबिनमध्ये गेलो असतो, आणि "बाई समोर जिवंत उभी आहे, तुम्ही सही करता की मी तिला इथे आणून उभी करू?" असे म्हणून सही घेतली असती. मॅनेजर चिडले असते, माझा आकडा १७० वर गेला असता आणि म्हातारी तीनच्या आत पाड्याकडे निघाली असती.

पण आता मी सोनेरी कमळवाला होतो. छातीत काहीतरी वर येतेय असे वाटताच मी डोळे मिटले. चार सेकंद आत, सहा सेकंद बाहेर. सहा वेळा. डोळे उघडले तेव्हा अगदी शांत वाटत होते. म्हातारी तशीच उभी होती. मी गोड आवाजात, जवळजवळ त्या अॅपमधल्या बाईच्या आवाजात म्हणालो, "आजी, आज यंत्र चालत नाही. सोमवारी या."

"भाऊ, मी मेली नाय," ती म्हणाली. "ही काय उभी हाय."

"हो आजी. पण सोमवारी या."

ती गेली. दुसऱ्या दिवशी दुसरा शनिवार, मग रविवार. संध्याकाळी घरच्या यंत्रावर १२६ बाय ८२ आले. जूनपासूनचा नीचांक. मी सौ.ला हाक मारून आकडा दाखवला, आणि रात्री जेवताना एक पापड मागून घेतला.

तो पापड पचला नाही. रात्री दोन वाजता जाग आली आणि शेजाऱ्यांचे ते वाफेचे वाक्य आठवले. मग माझ्यातला वाणिज्य पदवीधर जागा झाला. लुका पाचोली नावाच्या साधूने १४९४ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या पुस्तकात दुहेरी नोंदीची पद्धत मांडली आहे. तिचा सगळा जीव एवढ्यात आहे की एका खात्यात नावे पडले की दुसऱ्या कुठल्या तरी खात्यात तेवढेच जमा झालेच पाहिजे. रक्कम हवेत विरत नाही. शुक्रवारी दुपारी माझ्या खात्यातून चाळीसेक अंशांचा दाब कमी झाला होता. तो गेला कुठे? दोन रिक्षांचे जाण्यायेण्याचे भाडे, बुडालेला दिवस, आणि यंत्र आपल्याला मेलेली समजते ही टोचणी, असा सगळा चिल्हार फाट्यापलीकडच्या एका खात्यात जमा झाला होता. आणि पावतीवर माझी कमळाची मोहर.

मी स्वतःची बाजूही मांडून पाहिली. रात्री दोनला माणूस स्वतःचा वकील फुकट होतो. मी पूर्वी ओरडत असे, तेव्हा ते सगळे न्यायासाठीच होते काय? मुळीच नाही. कॅन्टीनच्या पोराने चहात साखर कमी घातली तरी मी ओरडायचो. शिपायावर ओरडायचो. घरी येऊन उरलेले सौ.वर काढायचो. म्हणजे माझा वाढलेला दाबसुद्धा दुसऱ्यांच्याच खात्यांत जमा होत होता. गेल्या चार महिन्यांत त्या पोराचे, शिपायाचे आणि सौ.चे खाते बरेच हलके झाले, हेही खरे. तेव्हा शांत राहणे वाईट असे कसे म्हणू? मन शांत ठेवा, असे ज्ञानेश्वरांपासून आमच्या डॉक्टरांपर्यंत सगळेच सांगत आले आहेत. इतकी माणसे चुकतील आणि बोईसरच्या शाखेतला क्लार्क बरोबर ठरेल, हे संभवत नाही.

मग मला एकनाथ आठवले. शाळेतल्या पुस्तकातली गोष्ट. नाथ पैठणला गोदावरीत स्नान करून येत आणि एक दांडगा त्यांच्यावर थुंके. नाथ परत जाऊन स्नान करीत. असे शंभरावर वेळा झाले, पण नाथ चिडले नाहीत. आमच्या गुरुजींनी ही गोष्ट सांगून आम्हांला शांतीचे महत्त्व पटवले होते, आणि तेवढ्यात मागच्या बाकावर कोणी हसले म्हणून त्याला छडीही मारली होती. पण याच नाथांच्या आणखी दोन गोष्टी आहेत. काशीहून रामेश्वराला न्यायची गंगेची कावड त्यांनी वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात ओतली. आणि तापल्या वाळवंटात रडणारे अस्पृश्याचे पोर, विटाळ होईल म्हणून गाव बघत उभा असताना, उचलून कडेवर घेतले. तिथे त्यांनी डोळे मिटून श्वास मोजले नाहीत. सोमवारी ये, असे गाढवाला सांगितले नाही.

थुंकी स्वतःच्या अंगावर होती तेव्हा नाथ शांत राहिले. तहान दुसऱ्याची होती तेव्हा धावले. मी शुक्रवारी नेमके उलटे केले होते. "झोपलात काय" म्हणणाऱ्यासाठी श्वास मोजायला हवे होते, आणि म्हातारीसाठी उठायला हवे होते. मी दोघांना एकाच श्वासात बसवले. ही चूक अॅपची नव्हे. त्या बाईला बिचारीला काय कळणार की माझ्या छातीत वर येणारी ती राग होता की लाज? दंडाच्या पट्ट्यालाही ते कळत नाही. त्याला दोन्हीचा आकडा सारखाच दिसतो. शनिवार-रविवार मी या विचारात काढले. सौ.ने दोनदा कपाळाला हात लावून पाहिला.

सोमवारी दहा वाजता शाखेचे दार उघडले तेव्हा म्हातारी पायरीवर बसलेली होती. किती वाजता निघाली असेल कोण जाणे. मी काही बोलायच्या आत ती काउंटरच्या काचेशी आली, माझ्या तोंडाकडे निरखून पाहिले आणि म्हणाली, "भाऊ, आता बरा हाय ना जीव? त्या दिशी तुला दम लागला होता. डोलं मिटून कसा फू फू करीत होतास. मी म्हटलं, आता कशाला तरास देऊ याला."

मला काय उत्तर द्यावे ते सुचेना. म्हणजे ती माझ्या गोड आवाजाने गेली नव्हती. माझा श्वास बरा चालत नाही, या काळजीने गेली होती. जिच्या हयातीची खात्री मला करून घ्यायची होती, ती माझ्या हयातीची खात्री करून गेली होती.

यंत्राकडे मी पाहिलेसुद्धा नाही. कागदी फॉर्म काढला, तिला म्हटले, "आजी, चला माझ्याबरोबर," आणि केबिनमध्ये घेऊन गेलो. मॅनेजर म्हणाले, ऑनलाइनच करायचे असे ठरले आहे. मी म्हणालो, सही करायचा अधिकार तुम्हांला आहे. ते म्हणाले, आवाज चढवू नका. मी चढवला. बाहेरची माणसे आत डोकावली. कॅन्टीनचे पोर चहाचा ट्रे घेऊन दारातच थबकले, चार महिन्यांनी जुना आवाज ऐकून त्याच्या पोटात गोळा आला असावा. म्हातारीने मध्येच माझी बाही धरली आणि म्हणाली, "हलू, भाऊ, हलू." मॅनेजरांनी सही केली.

संध्याकाळी १५२ बाय ९४ आले. अॅपवर निरोप होता, आज सत्र चुकले, सलग दिवसांची मोजणी पुन्हा एकपासून. कमळ काळे पडले होते.

"कशानं वाढला एवढा?" सौ.ने विचारले.

मी सगळे सांगितले. तिने पट्टा गुंडाळून डबीत ठेवला आणि म्हणाली, "गोळी घेतलीत ना सकाळची?"

"घेतली."

"मग बसा तिथे पाटावर, आणि करा ते फू फू. आज मीपण बसते."